एका कॉम्प्युटरवर दोन-तीन सिस्टिम: पार्टिशन कसं पाडायचं, बूटलोडर कोणता ठेवायचा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. खान्देशात त्यावर चालणारी मशीन अजून जागोजागी दिसतात. धुळ्यातल्या अकाउंटंटकडे टॅली त्यावर आहे, भुसावळच्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जुने मराठी फॉन्ट त्यावर आहेत. या मंडळींना जुनं सोडवत नाही आणि नवं टाळता येत नाही. तिकडे बांभोरी, फैजपूर, शिरपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांना नव्या लॅपटॉपवरच्या विंडोज ११ शेजारी लिनक्स हवं असतं. गरज दोघांची एकच आहे: मशीन एक, सिस्टिम दोन किंवा तीन, आणि एकीच्या नादात दुसरी बंद पडायला नको.

हे नीट जमतं. पण बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. पेनड्राइव्ह बनवतात, इन्स्टॉलर चालू करतात आणि समोर पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा, तक्ता आला की मग विचार करायला लागतात. तोवर उशीर झालेला असतो. मशीन कोणत्या पद्धतीने बूट होतं ते आधी बघायचं, त्यावरून डिस्कची पार्टिशन पद्धत ठरते, आणि त्या दोन्हींवरून बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टिम उघडून देणारा छोटा प्रोग्राम, ठरतो. हा क्रम पाळला की निम्म्याहून जास्त अडचणी येतच नाहीत.

मशीन बूट कसं होतं ते आधी बघा

बूट होण्याच्या पद्धती दोन. जुनी बायोसची, तिला सेटिंगमध्ये 'लेगसी' किंवा 'सीएसएम' म्हणतात. नवी यूईएफआयची. जुन्या पद्धतीत मशीन डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं आणि त्यात जो कोड असेल तो चालवतं. या सेक्टरमध्ये कोडसाठी जागा अवघी ४४६ बाइट, पार्टिशनच्या नोंदींना ६४ बाइट आणि शेवटी २ बाइटची खूण. सगळा बूटलोडर त्या ४४६ बाइटमध्ये मावत नाही, म्हणून पुढचा भाग डिस्कवर दुसरीकडे ठेवावा लागतो. तिथे जागा एकच असल्याने जी सिस्टिम शेवटी टाकाल ती आधीच्या सिस्टिमचा कोड पुसून आपला लिहिते. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा सल्ला यातूनच आला आहे.

यूईएफआयमध्ये मशीनला फाइल वाचता येते. डिस्कवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं एक छोटं पार्टिशन असतं, त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन किंवा थोडक्यात ईएसपी म्हणतात. त्यात प्रत्येक सिस्टिमचा वेगळा फोल्डर असतो, मायक्रोसॉफ्टचा वेगळा, उबुंटूचा वेगळा. मदरबोर्डच्या मेमरीत 'या नावाची सिस्टिम, तिची फाइल इथे' अशा नोंदी असतात. त्यामुळे विंडोज पुन्हा टाकलं तरी लिनक्सची फाइल सहसा जागेवरच राहते, फक्त क्रम बदलतो. मल्टीबूटसाठी, म्हणजे एका मशीनवर अनेक सिस्टिमसाठी, मी यूईएफआयच निवडायला सांगतो त्याचं मुख्य कारण हे.

तुमच्या मशीनवर काय आहे हे बघायला विंडोजमध्ये स्टार्टवर 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. तिथे 'बायोस मोड' या ओळीसमोर 'यूईएफआय' किंवा 'लेगसी' लिहिलेलं असेल. मग डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली डावीकडे जिथे 'डिस्क ०' लिहिलंय तिथे राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. 'पार्टिशन स्टाइल'समोर एमबीआर (जुनी पद्धत) आहे की जीपीटी (नवी पद्धत) ते कळेल. या दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवा.

विंडोजचा नियम इथे कडक आहे. लेगसी मोडमध्ये ते फक्त एमबीआर डिस्कवरून चालू होतं आणि यूईएफआय मोडमध्ये फक्त जीपीटीवरून. लिनक्सला दोन्हीकडून चालतं, पण म्हणून त्याला वेगळ्या मोडमध्ये टाकू नका. विंडोज यूईएफआयमध्ये आणि लिनक्स लेगसीमध्ये गेलं, तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्सबरोबर येणाऱ्या बूटलोडरच्या, मेन्यूतून विंडोज चालू होत नाही. मग दर वेळी बायोसमध्ये (मशीनच्या सेटिंगच्या पडद्यावर, यूईएफआय असलं तरी त्याला बायोसच म्हणतात) शिरून मोड बदलायचा आणि महिनाभराने वैतागून 'सगळं फॉरमॅट मार' म्हणायचं, असं होतं. एका मशीनवर मोड एकच ठेवा.

एमबीआर की जीपीटी

डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा: कोणता तुकडा कुठून कुठवर आणि कोणाचा. एमबीआर हा १९८३ मध्ये आयबीएमच्या डॉस २.० बरोबर आलेला तक्ता. त्यात नोंदी चारच, त्यांना प्रायमरी म्हणतात. जास्त हवे असतील तर एका प्रायमरीच्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन करायचं आणि त्याच्या पोटात लॉजिकल पाडायची. सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहिलेला असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टेराबाइटच्या पुढची जागा त्याला दिसतच नाही. लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्या एखाद्याने ४ टेराबाइटची डिस्क घेतली आणि एमबीआर केली, तर अर्धी डिस्क वाया.

जीपीटीमध्ये नोंदी सहसा १२८, आकाराची अडचण नाही, प्रायमरी-लॉजिकल ही भानगड नाही. शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते आणि दोन्हींवर चेकसम, म्हणजे बिघाड ओळखायचा आकडा, असतो. सुरुवातीची प्रत खराब झाली तर शेवटच्या प्रतीवरून दुरुस्त करता येते. लाइटचा भरवसा नसलेल्या गावात ही दुसरी प्रत फार मोलाची आहे.

म्हणून यूईएफआय असलेलं मशीन असेल तर जीपीटीच. एमबीआर फक्त दोन प्रसंगांत ठेवा. मशीनमध्ये यूईएफआय नसेलच तर, किंवा ३२ बिटचं विंडोज ७ चालवायची गरज असेल तर, कारण ते यूईएफआयमध्ये बूट होत नाही.

सध्या लेगसी आणि एमबीआर असेल पण मदरबोर्डला यूईएफआय येत असेल, तर डेटा न घालवता बदल करता येतो. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाचं साधन विंडोजमध्येच येतं. त्याची अट अशी की डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन असावीत आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल एकही नसावं. आपल्याकडच्या असेंबल मशीनवर सी, डी, ई असे भाग पाडायची सवय आहे, त्यातले डी आणि ई बहुधा लॉजिकलच असतात. अशा वेळी डी-ई मधला डेटा बाहेर काढून ती पार्टिशन उडवायची आणि मग हे साधन चालवायचं. आधी त्याचा 'व्हॅलिडेट' पर्याय वापरा. तो काही बदलत नाही, जमेल की नाही एवढंच सांगतो. बदल झाल्यावर बायोसमध्ये जाऊन लेगसी बंद आणि यूईएफआय चालू करायचं असतं. हे राहून गेलं की 'विंडोज उडालं' म्हणून फोन येतो. विंडोज जागेवरच असतं.

हात लावण्याआधी

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. डी ड्राइव्हवर केलेली कॉपी बॅकअप धरू नका, डिस्क तीच आहे.

दुसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करून तिला कुलूप लावणारं विंडोजचं साधन, आणि इथे मी थोडं जास्त थांबतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने सेटअप केलेल्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग लिनक्ससाठी बायोसमधली एखादी सेटिंग बदलली की विंडोज निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. अडचण अशी की आपल्याकडे पुष्कळदा दुकानदारच लॅपटॉप चालू करून देतो आणि घाईत स्वतःच्याच मेलने अकाउंट उघडतो. की मग त्याच्या अकाउंटमध्ये जाते. म्हणून सेटिंगमध्ये अकाउंट कोणाचं आहे ते आज बघा. दुसऱ्याचं असेल तर आधी आपलं जोडा. मग बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का ते बघा. चालू असेल तर की कागदावर उतरवून घ्या आणि काम होईपर्यंत ते बंद करा. बंद केल्यावर डिस्क पूर्ण डिक्रिप्ट व्हायला वेळ लागतो, तेवढा द्या.

तिसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये हा पर्याय आहे. तो चालू असताना विंडोज 'शट डाउन' केलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं, आणि त्याची पार्टिशन अर्ध्या उघड्या अवस्थेत राहतात. तशात लिनक्समधून तिथे लिहिलं तर फाइली खराब होतात. लिनक्स बहुतेक वेळा अशी पार्टिशन फक्त वाचायला देतं, आणि लोक म्हणतात 'डी ड्राइव्हवर सेव्हच होत नाही.'

आणि वेळ. पार्टिशन लहान-मोठं करताना लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावून ठेवा, डेस्कटॉप यूपीएसवर घ्या. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ऊन सगळ्यांना माहीत आहे. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी तासन्‌तास कॉपी लावली की डिस्क आणि प्रोसेसर दोन्ही तापतात. हे काम सकाळी लवकर काढा.

प्रत्यक्ष वाटणी: ५१२ जीबीचा लॅपटॉप

डब्यावर ५१२ जीबी लिहिलेली एसएसडी विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसते. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यात नव्या लॅपटॉपवर बहुधा अशी रचना असते: १०० एमबी किंवा थोडी जास्त ईएसपी, १६ एमबीचं मायक्रोसॉफ्टचं राखीव पार्टिशन, मग सी, आणि शेवटी एक जीबीच्या आसपास रिकव्हरी. यातल्या सी शिवाय कशालाही हात लावू नका.

मी सुचवतो ती वाटणी अशी: सी ला २०० जीबी, लिनक्सला ८० जीबी, आणि उरलेलं सुमारे १९५ जीबी दोन्हीकडून वापरायच्या डेटासाठी. बरेच लोक लिनक्समध्ये रूट (मूळ सिस्टिम) वेगळं, होम (आपल्या फाइली) वेगळं, स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) वेगळं करायला सांगतात. डेटाचं पार्टिशन स्वतंत्र असेल तर होम वेगळं काढायची गरज मला वाटत नाही. एकीकडे जागा संपते आणि दुसरीकडे पडून राहते. स्वॅपसाठी आता उबुंटू आणि मिंट फाइल बनवतात. लिनक्समध्ये हायबरनेट करायचंच असेल तर मात्र रॅमएवढं किंवा त्याहून मोठं स्वॅप पार्टिशन आधीच काढून ठेवा.

सी लहान करायचं काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा. सी वर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. तिथे आकडा एमबीमध्ये मागतात आणि तो 'किती कमी करायचं' याचा असतो. 'किती ठेवायचं' असं समजून लोक उलटा आकडा टाकतात. आपल्याला २७५ जीबी काढायचे आहेत, म्हणजे २८१६०० लिहायचं. कधी कधी जागा रिकामी असूनही विंडोज तेवढं द्यायला तयार नसतं, कारण पेजफाइल, हायबरनेटची फाइल, रिस्टोअर पॉइंट यांसारख्या न हलणाऱ्या फाइली मध्येच बसलेल्या असतात. हायबरनेट, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा. काम झालं की पेजफाइल आणि रिस्टोअर परत चालू करायचं विसरू नका.

मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीत 'अनअलोकेटेड' दिसेल. तिच्या सुरुवातीला ८० जीबी लिनक्ससाठी मोकळी सोडायची असल्याने डेटाचं पार्टिशन आत्ता विंडोजमधून करू नका. ते लिनक्स टाकून झाल्यावर विंडोजमध्ये येऊन एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये, करा. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ५.१५ पासून एनटीएफएसचा नवा ड्रायव्हर आला आहे, वाचणं-लिहिणं दोन्ही होतं. एक्सफॅटही चालतं, पण त्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिखाण सावरायला लागणारी नोंद, नसतं. मध्येच लाइट जाणाऱ्या ठिकाणी आतल्या डिस्कवर मी एनटीएफएसच ठेवीन आणि एक्सफॅट पेनड्राइव्हपुरतं.

बूटलोडर कोणता

ग्रब, रीफाइंड, सिस्टिमडी-बूट आणि विंडोजचा स्वतःचा बूट मॅनेजर, एवढीच नावं तुमच्या कामाची.

विंडोज आणि एक लिनक्स असेल तर ग्रब घ्या आणि पुढचा विचार सोडा. तो बायोस आणि यूईएफआय दोन्हीत चालतो, उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा सगळ्यांत येतो, आणि कर्नल लिनक्सच्या पार्टिशनमध्येच राहत असल्याने १०० एमबीच्या ईएसपीतही मावतो. एक गोष्ट लक्षात ठेवा. २.०६ आवृत्तीपासून ग्रब दुसऱ्या सिस्टिम शोधायचं काम मूळ सेटिंगमध्ये करत नाही. मेन्यूत विंडोज दिसलं नाही तर ईटीसी फोल्डरातल्या डिफॉल्टमध्ये 'ग्रब' नावाची फाइल उघडा, ओएस-प्रोबर बंद करणाऱ्या ओळीला 'फॉल्स' द्या आणि 'अपडेट-ग्रब' चालवा.

तीन किंवा जास्त सिस्टिम असतील, त्या बदलत राहणार असतील, तर रीफाइंड. हा फक्त यूईएफआयचा. दर वेळी चालू होताना तो स्वतः डिस्क तपासतो आणि जे सापडेल त्याचं चित्र दाखवतो, त्यामुळे यादी हाताने जुळवावी लागत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दर दोन महिन्यांनी नवं लिनक्स टाकून बघणाऱ्या मुलांना मी हाच सुचवतो. सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सेटिंग) चालू ठेवून तो वापरायचा तर थोडी जास्त खटपट आहे.

सिस्टिमडी-बूट छोटा आणि स्वच्छ आहे, पॉप ओएस तो वापरतं. पण तो कर्नल ईएसपीमध्ये किंवा त्याच्या जोडीच्या खास बूट पार्टिशनमध्ये ठेवतो. दोन-तीन कर्नल झाले की १०० एमबी पुरत नाहीत, १ जीबीची ईएसपी लागते. डिस्क पूर्ण कोरी असेल तर ती सुरुवातीलाच १ जीबी करून घ्या. विंडोजचा इन्स्टॉलर आधीपासून असलेली ईएसपी सहसा वापरतो.

विंडोजच्या बूट मॅनेजरमधून दोन विंडोज, समजा १० आणि ११, उत्तम चालतात. त्याच्यातून लिनक्स चालू करायच्या भानगडीत पडू नका.

आता एक बारकावा, जो माहीत नसल्यामुळे चांगले हुशार लोक अडकतात. मिंटची मुख्य आवृत्ती ईएसपीमध्ये 'मिंट' नावाने फोल्डर करत नाही, ती 'उबुंटू' हाच फोल्डर वापरते. एकाच ईएसपीवर उबुंटू आणि मिंट दोन्ही टाकले की दुसरं पहिल्याच्या फाइलींवर बसतं आणि मेन्यू कधी याचा तर कधी त्याचा दिसतो. दोन लिनक्स हवेच असतील तर मिंटबरोबर फेडोरा किंवा डेबियन घ्या, त्यांचे फोल्डर वेगळे असतात.

इन्स्टॉल करताना

पेनड्राइव्ह रुफसने बनवत असाल तर पार्टिशन स्कीम 'जीपीटी' आणि टार्गेट 'यूईएफआय' ठेवा. व्हेंटॉय वापरत असाल तर एकाच पेनड्राइव्हवर चार-पाच आयएसओ (सिस्टिम टाकायच्या फाइली) ठेवता येतात. बूट मेन्यूची बटणं: डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२ आधी बायोसमधून चालू करावं लागतं. मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या नावाआधी 'यूईएफआय' आहे तो निवडा. मोड इथेच ठरतो, आणि इथेच चुकतो.

लाइव्ह लिनक्स, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स, उघडल्यावर लगेच इन्स्टॉल करू नका. वायफाय, टचपॅड, आवाज चालतो का बघा. मग टर्मिनल उघडून सिस या फोल्डरातल्या फर्मवेअरमध्ये 'ईएफआय' नावाचा फोल्डर आहे का ते बघा. असेल तर यूईएफआयमध्ये आहात. नसेल तर बंद करा आणि बूट मेन्यूतून पुन्हा या.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. इंटेलच्या काही लॅपटॉपवर स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' मोडमध्ये असतं. ते थेट एएचसीआय (साधा मोड, ज्यात लिनक्सला डिस्क दिसते) केलं तर विंडोज निळ्या पडद्यावर पडतं. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगा, मग रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या म्हणजे तो आपला ड्रायव्हर बदलून घेतो, आणि मग सेफ मोड काढा.

पार्टिशनच्या पानावर 'समथिंग एल्स' किंवा 'मॅन्युअल' निवडा. 'इरेज डिस्क' हा पर्याय वरच असतो, त्यावर बोट जाऊ देऊ नका. मोकळ्या जागेत ८० जीबीचं, म्हणजे ८१९२० एमबीचं पार्टिशन, प्रकार एक्स्ट४, माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरपी रेघ. मग असलेली ईएसपी निवडा, 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणून वापरा' असं सांगा आणि तिच्यासमोरचा फॉरमॅटचा चौकोन रिकामा आहे ना हे दोनदा बघा. त्या चौकोनात टिक पडली की विंडोजचा बूटलोडर गेला. पुढे जायच्या आधी इन्स्टॉलर 'अमुक पार्टिशन फॉरमॅट होतील' अशी यादी दाखवतो. त्या यादीत फक्त तुमचं एक्स्ट४ असायला हवं. मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा.

सिक्युअर बूट चालू राहू द्या. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ते चालू असताना बूट होतात. काही लॅपटॉपवर बायोसमध्ये 'मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी सीए'ला परवानगी द्यावी लागते. एनव्हिडियाचा किंवा वायफायचा बाहेरचा ड्रायव्हर टाकलात तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठेवायला सांगतो. रीस्टार्ट झाल्यावर एक निळा पडदा काही सेकंदच येतो. तिथे लगेच एखादं बटण दाबून 'एनरोल एमओके' निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. चहा आणायला उठलात तर तो पडदा निघून जातो आणि ड्रायव्हर चालत नाही.

दोन डिस्क असतील तर

मशीनमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल तर वरच्यातलं बरंचसं टळतं, आणि दुकानाच्या किंवा ऑफिसच्या मशीनसाठी मी दुसरी डिस्क घ्यायचाच आग्रह धरतो. २४० किंवा २५६ जीबीची साधी एसएसडी लिनक्सला भरपूर झाली. एका डिस्कवर विंडोज त्याच्या ईएसपीसह, दुसरीवर लिनक्स त्याच्या ईएसपीसह. एक डिस्क गेली तरी दुसरी चालू होते. मात्र काही इन्स्टॉलर दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर पहिल्याच डिस्कच्या ईएसपीवर टाकतात. त्यामुळे लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढा किंवा बायोसमध्ये तो पोर्ट बंद करा. नंतर जोडून 'अपडेट-ग्रब' चालवलं की विंडोज मेन्यूत येतं.

जुनं मशीन, बायोस आणि एमबीआर

यूईएफआय नसलेल्या मशीनवर विंडोज आधी टाका, लिनक्स नंतर. दोन प्रायमरी विंडोजला, तिसरं एक्स्टेंडेड, आणि त्यात लॉजिकलमध्ये लिनक्स आणि डेटा. लिनक्सला लॉजिकलवरून बूट व्हायला काही अडचण नसते. ग्रब टाकताना पार्टिशन न निवडता पूर्ण डिस्क निवडायची.

चार प्रायमरी भरलेल्या असताना विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाचवं करायला गेलात, तर तो डिस्क 'डायनॅमिक' करू का असं विचारतो. नाही म्हणा. डायनॅमिक झालेल्या डिस्कवर लिनक्सचे इन्स्टॉलर नीट काम करत नाहीत आणि परत बेसिक करायला विंडोजमध्ये सगळी पार्टिशन उडवावी लागतात.

अशा मशीनवर फक्त लिनक्स ठेवून मोठी डिस्क लावायची असेल तर बायोसवरही जीपीटी चालतं. फक्त १ एमबीचं, कोणतीही फाइल सिस्टिम नसलेलं 'बायोस बूट' पार्टिशन काढा. ग्रब आपला पुढचा भाग तिथे ठेवतो.

विंडोज ७ वरच्या जुन्या डीटीपीसाठी मल्टीबूट करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. ते व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवणारं सॉफ्टवेअर), नेट बंद करून ठेवा. सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये डोंगल ओळखला जातो का ते आधी तपासा. नसेल जात, तर जुनं मशीनच नेट न जोडता त्या कामापुरतं ठेवलेलं बरं.

टाकून झाल्यावर

पहिल्यांदा विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, आणि दोन्हींतला फरक साडेपाच तासांचा. लिनक्समध्ये 'टाइमडेट-सीटीएल'ला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतं. टॅलीमध्ये एंट्रीची तारीख बघणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी कधी मेन्यू दिसेनासा होतो आणि थेट विंडोज उघडतं. बहुतेक वेळा फक्त क्रम बदललेला असतो. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये 'उबुंटू' परत वर आणा. ऑगस्ट २०२४ मध्ये एका विंडोज अपडेटनंतर कित्येकांचं लिनक्स 'शिम' आणि 'एसबॅट'चा एरर देऊन थांबलं होतं. तसं झालं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जाऊन सगळे अपडेट घ्या आणि परत चालू करा. लिनक्सचे अपडेट महिनोन्‌महिने न घेणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

लिनक्स काढायचं ठरवलंत तर विंडोजमधून ते पार्टिशन आधी उडवू नका. ग्रब आपली यादी त्याच पार्टिशनमधून वाचतो, मग काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' लिहून येतं. यूईएफआयमध्ये आधी बूट ऑर्डरमध्ये विंडोज वर घ्या, एकदा चालू होऊ द्या, मगच पार्टिशन काढा. एमबीआरवर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून 'बूटरेक'च्या साहाय्याने एमबीआर दुरुस्त करा. ईएसपीच चुकून फॉरमॅट झाली असेल तर त्याच पेनड्राइव्हच्या कमांड प्रॉम्प्टमधून ईएसपीला एक अक्षर द्या आणि 'बीसीडीबूट' चालवा. विंडोजच्या फाइली परत तयार होतात.

शेवटचं काम कागदाचं. पार्टिशनचा क्रम, आकार, कोणतं कशाचं, बूटचा मोड, असं एका चिठ्ठीवर लिहा आणि लॅपटॉपच्या बॅगेत किंवा सीपीयूच्या आत चिकटवा. मशीन दुरुस्तीला गेलं की तिथला मुलगा विचारतो, "दादा, सगळं फॉरमॅट मारून देऊ का?" तेव्हा त्याला ती चिठ्ठी दाखवून सांगायचं, "नाही भाऊ, फक्त सी फॉरमॅट कर. ईएसपी, सी च्या मागचं एक्स्ट४ आणि डेटाला हात लावू नको, आणि पेनड्राइव्ह यूईएफआयमध्येच लाव."